उरलेला दीड ग्रॅम

गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास बाळ आईच्या हातात परत दिलं गेलं.

असं काही घडलेलं नाही. आमच्या रुग्णालयाच्या दप्तरानुसार ते बाळ आईपासून कुणी घेतलंच नव्हतं. ते फक्त 'निरीक्षणाखाली' होतं, आणि जे कुणी नेलं नाही ते परत कसं देणार? तेव्हा वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही, मीही लिहिलेलं नाही. आपण मंगळवारपासून सुरू करू. मंगळवारी बाळ काचेपलीकडे होतं, आई अलीकडे होती, आणि ते तिला परत मिळेल असं कुणालाही वाटत नव्हतं. मला तर अजिबातच नाही.

१. पाचवा चौकोन

माझी खोली तळघरात आहे, जुन्या फायलींच्या कपाटांच्या पलीकडे. दारावर 'तक्रार निवारण कक्ष' अशी पाटी आहे. आत एक टेबल, एक फोन आणि दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची तक्रारदाराची. तीन वर्षांत तिचं प्लास्टिकचं वेष्टन निघालेलं नाही, कारण लोक फोनवरच तक्रार करतात. इतके जिने उतरून यायचं म्हणजे माणसाचं खरोखर काहीतरी बिघडलेलं असावं लागतं. मी दुपारचा डबा त्या खुर्चीकडे तोंड करून खातो. तेवढीच सोबत.

मंगळवारी सकाळी ती खुर्ची पहिल्यांदा करकरली.

बसलेली बाई रुग्णालयाच्या गाऊनमध्ये होती. बाळंतपणाचा चौथा दिवस, आणि गाऊनवर एक सुरकुती नाही. नंतर कळलं, ती एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात इस्त्री करायची. दिवसाला शंभर चादरी. अंगात भिनलेलं काम जात नाही. तिने गाऊन उशीखाली दाबून घडीचा केला होता.

"तुम्ही तक्रारी घेता?" तिने विचारलं.

"घेतो."

"सोडवता पण?"

"बहात्तर तासांत बंद करतो. सुटली तर उत्तम."

तिने हकीकत सांगितली. शुक्रवारी सकाळी दहा वाजता मुलगा झाला. ती एकटीच आली होती. आधीच्या तपासण्यांचे कागद मागितले, ते नव्हते.

"हरवले?"

"ज्याच्या बॅगेत होते तो गेला."

"कुठे?"

"सांगून गेला असता तर नुसतं 'गेला' म्हटलं असतं का मी?"

कागद नसलेल्या आईच्या बाळाची तपासणी करायची, असा आमचा नियम आहे. पोटात असताना बाळापर्यंत नशेचं काही पोचलं होतं का, हे बाळाच्या पहिल्या शीवरून पाहतात. नमुना पुरा होईपर्यंत बाळ काचेआड. सोमवारी अहवाल आला: मॉर्फिन सापडलं. त्यामुळे बाळ काचेआडच राहिलं, आईने पाजायचं नाही असा शेरा पडला, आणि गुरुवारी चार वाजता बालकल्याण समिती ठरवणार होती. ठरवणार म्हणजे बाळ शिशुगृहात पाठवणार. तसं सगळेच धरून चालले होते.

"घेतलं होतं काही?" मी विचारलं.

"चहा."

"आणखी?"

"आणखी चहा."

मी अर्ज पुढे ओढला. आमच्या अर्जावर पाच चौकोन असतात: स्वच्छता, एसी, उपाहारगृह, कर्मचाऱ्यांची वागणूक, हरवलेली वस्तू. 'बाळ परत द्या' असा चौकोन नाही. मी पाचव्यावर खूण केली. तिने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि थट्टा करतोय का याचा अंदाज घेतला. मी करत नव्हतो. हरवलेल्या वस्तूसाठी मला कोणत्याही विभागाची कोणतीही नोंदवही पाहता येते. हा नियम कवळ्यांसाठी केलेला आहे. आजवर मी अकरा कवळ्या शोधल्यात, पैकी नऊ मालकांच्या तोंडातच निघाल्या.

एवढ्यात फोन वाजला. कुठल्याशा शाळेतले गणिताचे मास्तर. त्यांचा मुलगाही इथेच शुक्रवारी जन्मला होता आणि रविवारी घरी गेला होता.

"तुमच्या एसीमुळे माझ्या मुलाला सर्दी झाली आहे," ते म्हणाले. "काल तासाला सरासरी नऊ शिंका. आज चौदा."

"नाक वाहतंय?"

"ठणठणीत कोरडं. पण झोप नाही. आणि रडतो असा, की माझ्या सासूबाईसुद्धा गप्प बसल्यात. हे पूर्वी कुणाला जमलेलं नाही."

मी दुसऱ्या चौकोनावर खूण केली, 'तंत्रज्ञास कळवले' असं लिहिलं आणि तक्रार बंद केली. अठ्ठावीस सेकंद लागले. माझा विक्रम.

२. डायरी

प्रयोगशाळेत जो बसतो त्याला सगळे 'दोन ग्रॅम' म्हणतात. पहिल्या शीचा नमुना दोन ग्रॅमच्या खाली असला की तो डबी परत पाठवतो. सोबत चिठ्ठी, चिठ्ठीत टोमणा. नर्स त्याला घाबरतात. तो कुणालाच घाबरत नाही, कारण त्याच्याकडे कुणी येतच नाही.

"या, कवळी खातं," तो म्हणाला. "आज कुणाचे दात?"

"आज बाळ. मला सांग, ही तपासणी चुकू शकते?"

"चुकते ती माणसं. हे बघ, बाळाची लघवी म्हणजे कालचं वर्तमानपत्र, दोन-तीन दिवसांपलीकडचं काही कळत नाही. पण पहिली शी म्हणजे डायरी. शेवटचे चार-पाच महिने पोटात साचत असते, काळीकुट्ट, डांबरासारखी. आईने जे घेतलं त्याची त्यात नोंद."

"या बाळाची लघवी?"

"स्वच्छ."

"मग?"

"मग बाई शेवटचे तीन दिवस शहाणी झाली असेल. डायरीत मॉर्फिन आहे. डायरी खोटं बोलत नाही."

मी नोंदवही मागितली. त्याने कुरकुर केली, मी नियम दाखवला, त्याने कवळ्यांचा उद्धार केला आणि वही दिली. शनिवारी दोन नोंदी होत्या. अकरा दहाला: 'अर्धा ग्रॅम. अपुरा. परत.' एक वाजून पाच मिनिटांनी: 'दोन ग्रॅम. स्वीकृत.'

"दोन तासांत अर्ध्याचे दोन?"

"पोरं आहेत ती. मनात आलं की करतात." त्याने वही मिटली. "तू उगाच त्या बाईची बाजू घेतोयस. बालकल्याणच्या मॅडमना तिच्या पिशवीत काय सापडलं, ते ऐकलं नाहीस वाटतं?"

"काय?"

"पुडी. पांढरी पूड."

३. पांढरी पूड

बालकल्याणच्या मॅडमना मी जिन्यात गाठलं. त्या नेहमी जिन्यातच भेटतात. त्यांच्याकडे तीन रुग्णालयं आहेत आणि बसायला एकही खुर्ची नाही.

"हा भावनेचा प्रश्न नाही," त्या मला पाहताच म्हणाल्या. मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

"मॅडम, पुडीचा प्रश्न आहे."

त्यांनी पर्समधून मोहोरबंद पाकीट काढलं. आत प्लास्टिकच्या पुडीत बारीक पांढरी पूड. "तिला विचारलं. म्हणते, कामाची आहे. सगळेच असं म्हणतात."

"तपासू?"

"तपासा. पण तुम्हाला एक सांगते." त्या एक पायरी खाली आल्या. "मला पोरं आयांपासून तोडायला आवडतं असं तुम्हाला वाटत असेल. एकदा मी दया केली होती. कागद बाजूला ठेवला आणि पोर घरी पाठवलं. त्या घराचा पत्ता मला अजून पाठ आहे."

त्यांनी पाकीट माझ्या हातात ठेवलं.

मी ते घेऊन दोन ग्रॅमकडे गेलो. त्याने चिमूटभर पूड काचेवर घेतली, वरून आयोडीनचा थेंब टाकला. थेंब गडद निळा झाला.

मी वाकून पाहिलं. "निळं म्हणजे काय?"

"म्हणजे," तो गंभीरपणे म्हणाला, "कॉलर कडक होईल."

खळ होती. कपड्यांना घालायची. इस्त्रीवालीच्या पिशवीत खळ सापडली होती आणि ती कालपासून मोहोरबंद पाकिटात हिंडत होती.

मला आनंद झाला. तो जेमतेम अर्धा जिना टिकला. कारण खळ निर्दोष ठरली होती, बाई नाही. डायरीत मॉर्फिन होतंच. पुडीत नसलेलं मॉर्फिन बाळाच्या पोटात गेलं कुठून?

खाली आलो तर फोन वाजत होता. मास्तर. "तासाला एकोणीस," ते म्हणाले. "मी तक्ता केलाय. आता हातपायही थरथरतात. तुमचा तंत्रज्ञ कधी येणार?"

"तुमच्या घरी?"

"नाही. तुमच्या एसीकडे."

"गेला असेल," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

४. नातं

बुधवारी मी वरच्या मजल्यावर गेलो. वॉर्डच्या दाराशी भेटायला येणाऱ्यांची वही असते. खाट क्रमांक चारचं पान कोरं होतं. शेजारच्या खाटेचं पान संपून पुरवणी जोडली होती. मी कोऱ्या पानावर माझी सही केली. पुढच्या रकान्यात 'रुग्णाशी नाते' लिहायचं होतं. बराच वेळ पेन हातात धरून शेवटी मी लिहिलं: तक्रार.

ती काचेपाशी उभी होती. आत तिसऱ्या पाळण्यात तिचं बाळ झोपलं होतं, मूठ कानाला लावून, फोनवर असल्यासारखं. काचेवर तिच्या नाकाच्या उंचीला एक धुरकट गोल पडला होता.

"दर तासाला येते मी," ती म्हणाली. "दूध येतं तेव्हा. काढून देते, ते ओतून टाकतात. नियम आहे म्हणे."

मला खरं म्हणजे तिची उलटतपासणी घ्यायची होती. रहस्याचा उलगडा करायला बाहेर पडलेल्या माणसाने निदान एकावर तरी कडक संशय घ्यावा. मी म्हणालो, "ताई, खरं सांगा. दुखण्याची गोळी, खोकल्याचं औषध, कुणी दिलेलं काही? गुरुवारनंतर सांगून उपयोग नाही."

तिने मान वळवली नाही. "तुम्ही पण?"

"विचारावं लागतं."

"विचारा. सगळ्यांनी विचारलं. माझं पोर कसं आहे, हे एकाने विचारलं नाही."

मी पेन खिशात ठेवलं. मग विचारलं, "कसं आहे?"

आता ती वळली. आणि कितीतरी वेळ बोलत राहिली, पाच दिवस साठलेलं. शनिवारी जांभई दिली, रविवारी उजवा डोळा आधी उघडला, मग डावा. जन्मल्यावर मिनिटभर छातीवर ठेवलं होतं तेव्हा नखं हिरवट होती, पिवळट-हिरवी, रंगात बुडवल्यासारखी. "मी विचारलं, हे काय? म्हणाले, जाईल धुऊन. आता इथून दिसत नाही गेलं का ते."

मोठ्या सिस्टर आतून बाहेर आल्या. तीस वर्षं या वॉर्डात. चालताना चपलांचा आवाज होत नाही, बोलताना होतो.

"काय हो कवळीवाले, इथे काय हरवलं?"

"सिस्टर, हे बाळ कसं आहे?" प्रश्न नुकताच शिकलो होतो, वापरून टाकला.

त्यांनी मला जरा बाजूला घेतलं. "तेच मला खटकतंय. नशेवर वाढलेलं पोर जन्मानंतर दोन-तीन दिवसांत तडफडायला लागतं. थरथर, कर्कश रडणं, शिंका, झोप नाही. आमच्याकडे खुणांचा तक्ता असतो, दर चार तासांनी भरतो. याच्या तक्त्यात शून्य, शून्य, शून्य. देवासारखं झोपतं. पण अहवालापुढे माझं कोण ऐकतो?"

मी 'थरथर, रडणं, शिंका' असं वहीत लिहून घेतलं. हो, लिहून घेतलं. आणि वही मिटली. माझ्यासारख्या माणसाला सरकार पगार देतं, हे लक्षात ठेवा.

"आणि नखं हिरवी कशाने होतात?" मी विचारलं.

"कुणाची?"

"याची. जन्मताना."

मोठ्या सिस्टरांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सरकलं. त्या तडक प्रसूतीच्या खोलीत गेल्या, शुक्रवारची नोंदवही काढली, बोट फिरवत एका ओळीवर थांबल्या. 'पाणी दाट हिरवं. नाळ, नखं रंगलेली.'

त्या स्टुलावर बसल्या. तीस वर्षांत त्यांना ड्यूटीवर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"अरे, याने तर आतच केली होती. जन्माच्या कितीतरी तास आधी, आईच्या पोटात, पाण्यात. म्हणून पाणी हिरवं, नखं हिरवी. असल्या पोराच्या पोटात नंतर फारसं काही उरतच नाही. अर्धा ग्रॅम मिळाला तेच खूप."

"पण प्रयोगशाळेला दोन मिळाले."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाळाकडे अर्धाच ग्रॅम होता. उरलेला दीड कुणाचा?

५. कुणी विचारलं?

रात्रभर मी संशयितांची यादी केली. दोन ग्रॅम: वजनासाठी काहीही करेल, पण खोटं नाही. नवी सिस्टर: शनिवारी तीच ड्यूटीवर होती, तिच्या हातून डब्यांची अदलाबदल झाली असेल. बालकल्याणच्या मॅडम: जिना सोडून कुठे जात नाहीत. मी स्वतः: शनिवारी सुट्टीवर होतो, साक्षीदार नाही, घरी मी आणि पंखा.

गुरुवारी सकाळी लंगोटांचा तक्ता पाहिला. कुठल्या पाळण्यातल्या बाळाने कधी काय केलं, याची ती नोंद. शनिवार, अकरा ते एक. तिसरा पाळणा: काही नाही. पहिला पाळणा: रिकामा. दुसरा पाळणा: साडेबाराला, 'भरपूर'. पुढे उद्गारचिन्ह. ते नव्या सिस्टरचं.

"दुपारी मी प्रशिक्षणाला गेले होते," नवी सिस्टर रडवेली होऊन म्हणाली. "विषय होता, नमुने कसे घ्यावेत. अर्धी डबी परत आली होती, ती मी टेबलावर ठेवली. परत आले तर डबी गेली होती."

"कुणी नेली?"

"मावशींनी नेली असेल. त्याच पोचवतात."

मावशी लंगोटांच्या घड्या घालत होत्या. साठीच्या, बुटक्या, पदर खोचलेल्या. मला पाहून म्हणाल्या, "बस रे बाळा. जेवलास का?"

"मावशी, शनिवारी तिसऱ्या पाळण्याची डबी तुम्ही नेली?"

"हो."

"ती भरली कुणी?"

"मी." घडी न मोडता त्या म्हणाल्या. "अर्धी होती. तो वजनवाला राक्षस परत धाडतो ना. मग शेजारच्या पोराने भरपूर केली होती, ती टाकायचीच होती, त्यातली घातली लाकडी पट्टीने वर. बरोबर दोन भरली. हात बसलाय माझा."

मी खुर्ची शोधली. नव्हती. "मावशी, हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं?"

आणि ते खरं होतं. समितीने डॉक्टरांना विचारलं, सिस्टरांना विचारलं, आईला तर चौदा वेळा विचारलं. ज्या बाईच्या हातात पट्टी होती तिला कुणी विचारलं नाही.

"पण का?"

"का म्हणजे? सिस्टर म्हणाल्या, नमुना पुरा झाल्याशिवाय पोर आईला द्यायचं नाही. ती पोरगी काचेला नाक लावून उभी. मागे माणूस नाही, काणूस नाही. म्हटलं, वजनासाठी कशाला ताटातूट. पहिली शी सगळ्यांची काळीच असते की रे. लवकर पुरी झाली तर लवकर मिळेल तिला..."

हात थांबला. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मावशींना तपासणीतलं काही कळत नव्हतं, पण माणसाचं तोंड कळत होतं.

"म्हणजे मीच," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे माझ्यामुळे..."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "दुसऱ्या पाळण्यात कोण होतं?"

"ते रविवारी घरी गेलं ना. श्वास जोरात चालला होता म्हणून एक दिवस ठेवलं होतं. मास्तरांचं पोर."

माझी वही हातात होती. आदल्या दिवशीचं पान उघडं होतं. थरथर, रडणं, शिंका.

मी दोन-दोन पायऱ्या टाकत फोनकडे उतरलो.

६. तळ

"मास्तर, तासाला किती?"

"सव्वीस," मास्तरांचा आवाज खोल गेला होता. "वजनही उतरलंय. एसीचं झालं का?"

"एसी विसरा. तुमच्या पत्नी गरोदरपणात काही गोळ्या घेत होत्या?"

"पाचव्या महिन्यात मांडीचं हाड मोडलं तिचं. तुमच्याच रुग्णालयात दाखवलं. हाडांच्या डॉक्टरांनी दुखण्याच्या कडक गोळ्या, मॉर्फिनच्या, दिल्या, शेवटपर्यंत चालू होत्या. सांगितलेल्यापेक्षा एक जास्त घेतली नाही. मीच मोजून देत होतो."

"बाळंतपणाच्या वेळी हे सांगितलं?"

"कुणी विचारलं नाही. म्हटलं, फाइल तुमच्याकडेच आहे."

फाइल आमच्याकडेच होती. हाडांच्या विभागाची हिरवी, बाळंतिणींची गुलाबी. दोघी एकाच इमारतीत राहतात, पण एकमेकींशी बोलत नाहीत. कागद असलेल्या आईच्या बाळाची तपासणी होत नाही, आणि मास्तरांच्या पत्नीकडे कागद इतके होते की त्यांतला एकही कुणी वाचला नव्हता.

"बाळाला घेऊन आत्ता निघा," मी म्हणालो. "बरं होईल ते, पण इथे हवं. आणि मास्तर, तो तक्ता आणा."

दुपारी एकला ते पोचले. मागे सासूबाई. मोठ्या सिस्टरांनी बाळाला हातात घेतलं, त्याची थरथर पाहिली, तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, "असा तक्ता माझ्या मुलींनी कधी भरला नाही." बाळाला औषध सुरू झालं. सासूबाई पुन्हा बोलू लागल्या, यावरून बरं वाटतंय हे सगळ्यांना कळलं.

पण हे सगळं झालं तरी तो तर्क होता. समितीला तर्क चालत नाही. मी दोन ग्रॅमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तो पहिल्यांदाच टोमणा न मारता ऐकत राहिला.

"तपासायला नमुना कुठून घेतलास?" मी विचारलं.

"डबीतून."

"डबीत कुठून?"

तो आपल्या हातांकडे बघू लागला. "वरून. आधी ढवळायचं असतं. मी... वजन केलं. वजन बरोबर आलं की मी फार खूश होतो रे. दिवसभरात तेवढंच काहीतरी बरोबर येतं."

डबी फ्रीजमध्ये होती. निकालापर्यंत ठेवावी लागते. डांबरासारखा माल, थरावर थर, मिसळलेला नाही. तळाला अर्धा ग्रॅम, वर दीड. त्याने तळाचा कण उचलला. झटपट चाचणीला एक तास लागतो. तेवढा वेळ आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो. मला वाटतं, तीन वर्षांत मी कुणाजवळ इतका वेळ बसलो नव्हतो.

चारला दहा मिनिटं असताना त्याने चाचणीची पट्टी उजेडाला धरली. तळ स्वच्छ होता.

समितीच्या खोलीत बालकल्याणच्या मॅडम चक्क खुर्चीवर होत्या. मी क्रमाने मांडलं: हिरवं पाणी, अर्धा ग्रॅम, शून्यांचा तक्ता, कोरडा लंगोट, दुसरा पाळणा, सव्वीस शिंका, डबीचा तळ. मावशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी घातली. मला काढा, पण पोर द्या तिला."

मॅडमनी शेवटचा प्रश्न विचारला. "मग त्या दुसऱ्या आईवर समिती बसवायची?"

"तिच्याकडे डॉक्टरांचा कागद आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे कागद असला की औषध आणि नसला की व्यसन," मॅडम स्वतःशीच बोलल्या. मग पेन खाली ठेवलं. "आता नीट ऐका. चूक लिहिली तर चौकशी होईल. चौकशी झाली तर पहिल्या या मावशी जातील, नंतर कुणीच जाणार नाही. नाही लिहिली तर चूक झालीच नाही. मग हिची कुणी माफी मागणार नाही, कारण माफी कशाची?" त्या इस्त्रीवालीकडे वळल्या. "बोल, काय लिहू?"

इस्त्रीवालीने मावशींकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिच्या मनात काय चाललं होतं ते चेहऱ्यावर नव्हतं. चेहराही तिने इस्त्री केल्यासारखा ठेवला होता.

"काही लिहू नका," ती म्हणाली. "माझं पोर द्या."

मॅडमनी लिहिलं: 'निरीक्षण पूर्ण.'

७. वय

तिला घ्यायला कुणी आलं नाही. पिशवी मी उचलली, बाळ तिने. मावशी वॉर्डच्या दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. इस्त्रीवाली दोन पावलं परत गेली, बाळ जरा पुढे केलं. मावशींनी हात पुसले, बोटाने त्याच्या टाळूला स्पर्श केला, आणि आत निघून गेल्या.

फाटकावर सुट्टीचा कागद मिळाला. तिने तो वाचला, अगदी बोट ठेवून. एका ओळीवर बोट थांबलं. 'बाळाचे वय: सहा दिवस.'

"हे चुकलंय," ती म्हणाली.

"शुक्रवार ते गुरुवार. सहाच होतात, ताई."

"तुमचे होतात. माझ्याकडे तो अर्ध्या तासाचा आहे." बाळाने तिच्या स्वेटरचं बटण तोंडात धरायचा प्रयत्न केला. ती त्याच्याकडे बघत राहिली. या बाबतीत ती अजून नवखी होती. "पहिला दिवस कसा असतो, ते मला माहीतच नाही. दुसरा पण नाही. आता हा मोठा होईल, विचारेल, मी लहान होतो तेव्हा काय करायचो. मी काय सांगू? काचेतून दिसलं ते?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. असली उत्तरं येत असती तर मी तळघरात बसलो नसतो.

"दादा," ती म्हणाली, "तुम्हाला अर्ज लिहिता येतो ना?"

पहारेकऱ्याच्या टेबलावर कागद ठेवून मी लिहिला. ती सांगत गेली, भाषा मी घातली. आवक क्रमांक पडला. तो अजून आवकमध्येच आहे. कुठल्या विभागाकडे पाठवायचा, हे कुणालाच ठरवता आलेलं नाही.

प्रति,
मा. अधीक्षक,

विषय: सहा दिवस परत मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये अर्जदार (आई) नम्रपणे कळविते की, तिच्या बाळाचे शुक्रवार सकाळी दहा ते गुरुवार दुपारी चार हे दिवस आपल्या कार्यालयाकडे जमा आहेत. सदर दिवसांत बाळाने जांभई देणे, एकेक डोळा उघडणे व इतर कामे पार पाडली असून त्या वेळी अर्जदार जवळच, परंतु बाहेर, उपस्थित होती. सदर दिवस कार्यालयाच्या काही उपयोगाचे नसून अर्जदारास त्यांची तातडीने गरज आहे. अर्जदाराची कोणाविरुद्धही तक्रार नाही. तरी सदर सहा दिवस आहेत त्याच क्रमाने, शुक्रवारपासून, मधली काच वगळून अर्जदारास परत देण्यात यावेत, ही विनंती.